वाढीची पट्टी

दिवाळी अंक बुधवारी उद्यमनगरात पोचला आणि शुक्रवारी चहाच्या गाड्यावर सयाजी मिस्त्रीला कुणीतरी हाक मारली, "या, खोटी पट्टी."

सयाजीनं अंक वाचला नव्हता. त्यानं तो गाडेवाल्याकडून मागून घेतला, बाकड्यावर बसून सोळा पानं वाचली आणि चहा न घेता आपल्या शेडकडे गेला.

सयाजी पॅटर्न करायचा. लोखंडाची जी वस्तू ओतायची असते, तशीच वस्तू आधी लाकडात करतात, ती वाळूत दाबून काढतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड, म्हणजे बीड, ओततात. लोखंड थंड होताना आकसतं, शंभरात एक. म्हणून लाकडातली वस्तू शंभरात एकानं मोठी करावी लागते. प्रत्येक मापाला हा हिशेब करत बसलं तर वेळ जातो आणि चुकाही होतात. त्यावर जुन्या मिस्त्र्यांचा उपाय म्हणजे वेगळी पट्टी. तिच्यावर दोन फूट लिहिलेलं असतं, पण ती प्रत्यक्षात दोन फूट पाव इंच भरते, आणि तिचा प्रत्येक इंच त्याच प्रमाणात लांब असतो. मिस्त्री नेहमीसारखा मोजतो, वाढ पट्टी देते. सयाजीच्या शेडमध्ये तिला वाढीची पट्टी म्हणत. ती पोलादी होती, त्याच्या गुरूची. तिच्या टोकाला ती कशासाठी आहे हे इंग्रजीत कोरलेलं होतं, पण पंचेचाळीस वर्षांत ती अक्षरं अंगठ्याखाली घासून गेली होती.

गोष्टीचं नाव होतं 'उरलेलं इंजिन'. लेखक शार्दूल वडणगेकर. हा एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवायचा, विज्ञानकथा लिहायचा आणि इतरांच्या विज्ञानकथांवर एका साप्ताहिकात सदर चालवायचा. त्याचं ते सदर लोक भीतीनं वाचत. एका बाईंनी चंद्रावरच्या इस्पितळाची गोष्ट लिहिली होती. शार्दूलनं तिथल्या प्राणवायूचा हिशेब मांडून सगळे रुग्ण अकराव्या दिवशी मरतात हे दाखवलं आणि खाली लिहिलं, 'लेखिकेच्या हे लक्षात आले नसावे.' त्या बाईंनी पुन्हा गोष्ट लिहिली नाही. एक आकडा चुकला की विज्ञानकथेची परीकथा होते, हे त्याचं वाक्य होतं आणि ते तो प्रत्येक भाषणात म्हणायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दोन महिने सयाजीच्या शेडमध्ये येऊन बसला होता. सयाजी त्याला सर म्हणायचा. एकुलतं स्टूल त्याला द्यायचा आणि स्वतः उभ्यानं काम करायचा. एकदा सयाजी चहाला गेला असताना शार्दूलनं खिशातल्या टेपनं ती पट्टी मोजली. ती सहा मिलिमीटर जास्त भरली. सयाजी परत आल्यावर त्यानं काही विचारलं नाही.

गोष्टीत दोनशे वर्षांनंतरचं जग होतं. संगणक बंद पडले होते, कारखाने बुडाले होते, आणि पन्हाळ्यावर तीनशे माणसं उरली होती. खालून पाणी चढवायला त्यांना इंजिन हवं होतं. पॅटर्न करू शकणारा एकच म्हातारा शिल्लक होता. त्याची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती आणि तो टोपीत पेन्सिल खोचायचा. त्याची पट्टी शंभरात एकानं लांब होती. त्याचा कुणी पूर्वज लाकूड विकत घेताना ती वापरून लोकांना फसवायचा. म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं, पण तो बोलला नाही. त्यानं त्याच पट्टीनं पॅटर्न केले, इंजिनाचा प्रत्येक भाग मोठा निघाला, इंजिन फिरलं नाही, तीनशे माणसं तहानेनं मेली. शेवटचं वाक्य होतं : 'पट्टी खोटी होती.'

सयाजीची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, हे उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन जुने मिस्त्री ती गोष्ट ऐकून हसले. हसायला तेवढेच दोघं उरले होते. बाकीच्यांना पट्टीचं काही माहीत नव्हतं, 'खोटी पट्टी' हे नाव मात्र आवडलं.

सयाजीची शेड ज्या फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, आवारात होती, तिथं तपासणी खात्यावर अमरसिंह नावाचा तिशीतला माणूस होता. तो शार्दूलचा विद्यार्थी. आधी एका मशीन शॉपमध्ये होता, फौंड्रीत येऊन त्याला आठ महिने झाले होते. नवे पॅटर्न बाहेरून संगणकावर होऊन येत, त्यात वाढ किती धरायची ते संगणकच बघे. सयाजीकडे जुन्या इंजिनांच्या सुट्या भागांचं काम राहिलं होतं. अमरसिंहनं सरांची गोष्ट वाचली आणि सोमवारी सयाजीच्या टेबलापाशी येऊन पट्टी मागितली.

"कशाला ओ?"

"तपासायची आहे, मामा. सगळी मापाची साधनं तपासायची असतात. तुमचीच राहिली आहे."

"ही तपासू नगासा. ही वायली हाय."

"वेगळी आहे म्हणूनच तपासतोय."

गुरुवारी पट्टी दाखवायला तो परत आला. तिच्यावर लाल कागद चिकटवला होता : 'नापास. वापरू नये. चूक शेकडा १.०४.' सयाजीनं ती हातात घेऊन बघितली.

"सायेब, एक पॉइंट शून्य चारच पायजे हिला. बिडाची हाय ती."

"मामा, पट्टी पट्टीएवढी असते. बिडाची वेगळी, पितळेची वेगळी, असं कुठं असतंय?"

"असतंय. पितळंची याच्याहून लांब."

"मग साखरेची पण असंल एक," अमरसिंह म्हणाला आणि दोन मशीनवाले हसले. "नापास साधन लाल पेटीत जातं. एकतीस डिसेंबरला पेटीतलं सगळं कटरवर दोन तुकडे करून भंगारात. नियम आहे. तुमचं म्हणणं खरं असेल तर एखाद्या जाणत्याचं पत्र आणा."

"जाणता कोण?"

"वडणगेकर सर. त्यांनी लिहून दिलं तर मी काय बोलणार?"

दिवाळी अंक कालिंदीबाई काढायच्या. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठेत घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं प्रकाशन. शार्दूलचा कथासंग्रह त्या चौदा जानेवारीला काढणार होत्या. मुखपृष्ठ छापून झालं होतं, आणि प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं की या पुस्तकातला प्रत्येक आकडा तपासलेला आहे.

सयाजी दारात उभा राहिला तेव्हा त्या प्रुफं वाचत होत्या.

"आपण कोण?"

सयाजीनं डावा हात त्यांच्या टेबलावर ठेवला. "करंगळी बगा, बाई. वळख पटंल."

बाईंनी शार्दूलला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, सयाजीला बघून दारात थबकला, मग खुर्ची ओढून बसला.

"या पावणं," सयाजी म्हणाला.

उन्हाळाभर तो सर म्हणत होता. शार्दूलच्या ते लक्षात आलं. "मिस्त्री, ती गोष्ट आहे. त्यातला म्हातारा म्हणजे तुम्ही नव्हे."

"करंगळी माझी. टोपी माझी. टोपीतली पेन्सिल माझी. पट्टी तेवढी दुसऱ्याची व्हय?"

"पट्टी मी मोजली होती. जास्त भरली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"वाईट वाटंल म्हणून बोलला न्हायसा, आणि छापलंसा."

शार्दूलनं बाईंकडे बघितलं.

"एक सांगा," सयाजी म्हणाला. "तुमच्या गोष्टीत शिलिंडर किती मोठा निघाला?"

"शेकडा एक."

"कुठं मोठा निघाला? लाकडात का लोखंडात?"

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शार्दूल हे शिकवत असे. धातूचं नाव, आकसण्याचं प्रमाण, पॅटर्नला द्यायची वाढ, असा तक्ता तो फळ्यावर काढायचा, आणि बहुतेक परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न असायचा. तक्ता त्याला पाठ होता. तो कुणाच्या हातात पट्टी होऊन असू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"लाकडात शंभराला एक मोठा," सयाजी म्हणाला. "वतला. गार झाला. शंभराला एक आकसला. मग ऱ्हायला किती? चालतंय की इंजिन. तुमच्याच आकड्यानं चालतंय. तीनशे माणसं फुकट मारलीसा."

कालिंदीबाईंनी प्रुफाच्या समासात पेन्सिलीनं दोन ओळींचा हिशेब केला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"तसं नाही," शार्दूल म्हणाला. "म्हातारा वाढ हिशेबानं वेगळी धरतो, आणि वर पट्टी लांब. दुहेरी वाढ होते. म्हणून बिघडतं."

"असं गोष्टीत कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"जाणकार वाचक समजून घेतो."

"चंद्रावरच्या इस्पितळाचं तुम्ही समजून घेतलं नव्हतं."

शार्दूलचा चेहरा ताठ झाला. "मिस्त्री, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"पट्टी बरोबर हाय, एवढं लिवून द्या. सही करा. तुमची ती गोष्ट बदला न्हायतर जाळा, मला काय करायचं न्हाय. पट्टी लाल पेटीत पडलीया. एकतीस तारखेला तोडणार हायत."

"पत्र मी देईन. पुस्तक प्रकाशित झाल्यावर."

"का?"

"कारण आज सही केली तर गोष्टीचं शेवटचं वाक्य मीच खोटं ठरवल्यासारखं होईल."

"खोटंच हाय की ते."

"प्रकाशनानंतर," शार्दूल म्हणाला आणि उठला.

सयाजीनं बाईंकडे बघितलं. बाईंचं मुखपृष्ठ छापून झालं होतं. "मिस्त्री, जानेवारीत या," त्या म्हणाल्या. "मी स्वतः त्यांच्याकडून घेऊन देते."

"तवर तिचं दोन तुकडं हुत्यात, बाई."

बाईंनी प्रुफं पुढं ओढली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फौंड्रीकडे शिरोळच्या एका व्यापाऱ्याची मागणी आली. नदीकाठच्या पंपांवर अजून जुनी डिझेल इंजिनं होती, त्यांचे बावीस बेड हवे होते. बेड म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती बैठक, लांबी सहाशे मिलिमीटर. पॅटर्न सयाजीला सांगितला. अमरसिंहनं त्याला नवी पट्टी दिली. तिच्यावर हिरवा कागद होता : 'पास.'

"हिनंच करू?"

"हिनंच."

"चिट्ठी द्या."

अमरसिंहनं चिट्ठी लिहून दिली. 'पॅटर्नची सर्व मापे ड्रॉइंगप्रमाणे व मंजूर पट्टीनेच घ्यावीत.' खाली सही, तारीख. सयाजीनं ती घडी करून टोपीत ठेवली, पेन्सिलीशेजारी.

साध्या पट्टीनं काम करून वाढ हिशेबानं धरता येते. सहाशेला सहा, तीनशेला तीन. सयाजीला ते तोंडी येत होतं. त्यानं धरली नाही. ड्रॉइंगवर सहाशे होते, त्यानं सहाशे घेतले. मशीनवर घासायला म्हणून दोन्ही टोकांना दोन दोन मिलिमीटर जास्त ठेवायची सूचना ड्रॉइंगवर होती, तेवढेही ठेवले. सागवानाचा तो पॅटर्न त्यानं नऊ दिवस केला. कोपरे भरून घेतले, तीनदा पॉलिश केलं. अमरसिंहनं हिरव्या पट्टीनं प्रत्येक माप तपासलं. एकही चुकलं नव्हतं.

"बघा मामा," अमरसिंह म्हणाला, "मंजूर पट्टीनं काम कसं सुरेख होतंय."

"झालंय खरं," सयाजी म्हणाला.

बावीस बेड एका दिवसात ओतले. दुसऱ्या दिवशी वाळू झाडून पहिला बेड मशीनवर चढवला. तो चार मिलिमीटर जास्त असायला हवा होता, तो दोन मिलिमीटर कमी भरला. दुसरा तसाच. बाविसाव्यापर्यंत सगळे तसेच.

अमरसिंह धावतच शेडमध्ये आला. "काय केलंत हे?"

सयाजीनं टोपीतली चिट्ठी काढून टेबलावर ठेवली. "तुमी सांगितलंसा ते."

"वाढ धरली नाही?"

"चिट्ठीत न्हाय."

"तुम्हाला माहीत होतं."

"मला ठावं हुतं तवा साखरेची पट्टी काडलीसा, सायेब."

अमरसिंहनं चिट्ठी उचलली, वाचली आणि खिशात घालायला निघाला. "ठिवा खाली," सयाजी म्हणाला. "तिची झेरॉक्स हाय, पर ठिवा."

व्यापाऱ्याला कारण लेखी हवं होतं आणि मालकाला दोषी कोण ते हवं होतं. अमरसिंहनं त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ बोलावला, तो म्हणजे वडणगेकर सर. सरांनी येऊन बेड मोजले, पॅटर्न मोजला, चिट्ठी कुणी दाखवली नाही म्हणून ती बघितली नाही, आणि सयाजीशी न बोलता गेले. अहवाल दोन दिवसांनी आला. तो सयाजीला काम बंद केल्याच्या नोटिशीला जोडून मिळाला.

'बीड थंड होताना सुमारे शेकडा एक आकसते. त्यामुळे पॅटर्नवरील प्रत्येक माप शेकडा एक मोठे असणे आवश्यक होते. पॅटर्नकाराने ड्रॉइंगवरील मापे जशीच्या तशी घेतली. ही प्राथमिक स्वरूपाची चूक असून ती सर्वस्वी पॅटर्नकाराची आहे.' खाली सही. प्रा. शार्दूल वडणगेकर.

सयाजीनं तो अहवाल तीनदा वाचला. शेवटचं वाक्य त्यानं सोडून दिलं. सही महत्त्वाची होती.

सव्वीस डिसेंबरला तो मंगळवार पेठेत गेला. त्या दिवशी शार्दूल शेवटची प्रुफं बघायला येणार, हे त्यानं बाईंना फोन करून विचारून घेतलं होतं. तो आत गेला तेव्हा दोघंही होते. त्यानं अहवाल कालिंदीबाईंच्या पुढं ठेवला, शेजारी अमरसिंहची चिट्ठी.

बाईंनी दोन्ही वाचली. मग 'उरलेलं इंजिन'चं शेवटचं पान काढून अहवालाशेजारी ठेवलं.

"प्रोफेसर, इथं तुम्ही म्हणता प्रत्येक माप शेकडा एक मोठं हवं. इथं म्हणता शेकडा एक मोठं होतं म्हणून माणसं मेली. सही दोन्हीकडे तुमचीच. मी कुठली छापू?"

शार्दूल अहवाल उचलायला गेला. बाईंनी त्यावर तळहात ठेवला.

"मुद्दाम केलंत, मिस्त्री," तो म्हणाला. "बावीस नग वाया घालवलेत. माणूस आपल्या कामाशी असं करत नाही."

"न्हाय करत," सयाजी म्हणाला. "पंचेचाळीस वर्सांत पयल्यांदा केलं. पत्र दिलं असतंसा तर केलं नसतं."

शार्दूलचा आवाज बदलला, तो बाईंशी बोलू लागला. "गोष्ट बदलता येईल. चार ओळींचं काम आहे. मिस्त्री मेलेला आहे, माणसांना पट्टी सापडते. ती कशाची आहे ते कुणालाच माहीत नाही, अक्षरं घासून गेली आहेत. ते ती साधी पट्टी समजून मशीनवर वापरतात. ज्ञान गेलं, वस्तू राहिली. हे आधीपेक्षा चांगलं आहे. आणि आकड्याला धरून आहे."

कालिंदीबाईंना ते चांगलं वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी सयाजीकडे बघितलं. "मिस्त्री, तुमची हरकत?"

"हाय."

"यात तुम्ही खोटे ठरत नाही."

"मेलेला ठरतो. आणि घासल्याली अक्षरं बी माझीच. न्हाय द्यायची."

"तुमच्या परवानगीची गरज नाही," शार्दूल म्हणाला.

"मग ह्यो कागद साप्ताहिकात देतो. तुमच्या सदराशेजारी छाप म्हणतो. खाली लिवतो, लेखकाच्या ध्यानात आलं नसावं."

कालिंदीबाईंनी 'उरलेलं इंजिन'ची सोळा पानं गठ्ठ्यातून वेगळी केली, त्यांच्यावर आडवी रेघ मारली आणि अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं. शार्दूल उठला. दारापाशी जाऊन तो वळला.

"तुमच्यानंतर ती पट्टी ओळखणारं कोण आहे, मिस्त्री? शेडमध्ये शिकणारा एक तरी माणूस आहे?"

शेडमध्ये शिकणारं कुणी नव्हतं. शार्दूलला ते ठाऊक होतं, दोन महिने तो तिथंच बसला होता.

एकोणतीस तारखेला सयाजी फौंड्रीत गेला. फाटकावर त्याला अडवलं, कारण त्याचं काम बंद होतं. त्यानं अमरसिंहला फाटकावरच बोलावून घेतलं आणि अहवाल त्याच्या हातात दिला.

"तुमच्या सरांनी लिवलंय, शंभराला एक मोटं पायजे. तुमच्या लाल कागदावर किती लिवलंय?"

अमरसिंहला उत्तर पाठ होतं. तो आत गेला आणि पंधरा मिनिटांनी पट्टी घेऊन आला. दुसऱ्या हातात हिरवा कागद होता. तो नखानं लाल कागदाचा कोपरा सोलायला लागला.

"ऱ्हाऊ दे," सयाजी म्हणाला.

"पास झाली की ती, मामा."

"ऱ्हाऊ दे म्हणतोय. हिरवा लावशील आणि मी गेल्यावर कुणीतरी हुशार पोरगं हिला साधी पट्टी समजून मशीनवर न्हेऊन ठिवंल. तुज्यासारखं."

अमरसिंहनं हिरवा कागद चुरगाळून खिशात घातला. कामावर कधी घेणार, हे सयाजीनं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. सयाजीनं पट्टी काखेत धरली. लाल कागद वरच्या बाजूला होता. चहाच्या गाड्यावरून कुणीतरी हाक मारली, "काय, खोटी पट्टी, सुटली का?"

"सुटली," सयाजी म्हणाला आणि पुढं गेला.